'अनुमती' : मरणासन्न रुग्ण, कुटुंब आणि संमतीचा प्रश्न

प्रस्तावना :
मराठी चित्रपटात मृत्यूचे चित्रण विपुल आहे. मृत्यूपूर्व शुश्रूषेचे चित्रण मात्र अल्प आहे. या दृष्टीने गजेंद्र अहिरे दिग्दर्शित 'अनुमती' (२०१३) या चित्रपटाचा विचार करणे अगत्याचे ठरते.

विवेचन :
निवृत्त शिक्षक रत्नाकर यांची पत्नी मेंदूतील रक्तस्रावामुळे कोमात जाते. व्हेंटिलेटरचा खर्च पेलवेनासा होतो. मुलगा संमतीपत्रावर सही करण्याचा व्यवहारी मार्ग सुचवितो, तर रत्नाकर पैशांसाठी वणवण करतात. ही घालमेल विक्रम गोखले यांनी कमालीच्या संयमाने साकारली असून, त्यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार इरफान खान यांच्यासमवेत विभागून मिळाला. १९६७ मध्ये लंडन येथे आधुनिक हॉस्पिसचा पाया घालणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी वेदनेला शारीरिक, मानसिक, सामाजिक व आत्मिक अशी चार अंगे मानली. रुग्ण निःशब्द असताना यांतील तीन अंगे आप्तालाही सोसावी लागतात, हे 'अनुमती' प्रत्ययकारी रीतीने दाखवितो.

तथापि, येथेच चित्रपटाची मर्यादाही आहे. संघर्ष 'खर्च की सही' या दोनच टोकांत फिरतो. बरे होण्याची आशा मावळल्यावरही वेदनाशमन, शुश्रूषा व कुटुंबाला धीर देणे शिल्लक उरते, हा तिसरा मार्ग कथेत आकारास येत नाही. वस्तुतः मुंबईत शांती आवेदना सदन १९८६ पासून हेच कार्य करीत आले आहे. शिवाय सही हा केवळ घरगुती निर्णय नव्हे. अरुणा शानबाग प्रकरणात (२०११) सर्वोच्च न्यायालयाने अशा रुग्णाचा जीवरक्षक आधार काढण्यासाठी उच्च न्यायालयाची मान्यता आवश्यक मानली होती. २०१८ च्या निकालाने सन्मानपूर्वक मृत्यूचा हक्क व आगाऊ वैद्यकीय निर्देश मान्य झाले आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ झाली.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. विशेष उपचारांसाठी नागपूर वा छत्रपती संभाजीनगर गाठणारे कुटुंब 'आता घरी न्या' हे शब्द ऐकून परतते, तेव्हा शुश्रूषेचा सारा भार घरातील व्यक्तींवर, बहुधा स्त्रियांवर, पडतो.

निष्कर्ष :
'अनुमती' आप्ताची व्यथा समर्थपणे मांडतो. त्या व्यथेवरील सामाजिक उत्तर मात्र चित्रपटाच्या कक्षेबाहेर राहते. सही कोणी करावी, याइतकेच सहीनंतर रुग्णाजवळ कोणी बसावे, हेही महत्त्वाचे आहे.