पाराचा मालक कोण?

पुस्तकें, नाटकें आणि बोलपट यांचीं परीक्षणें मासिकांतून नित्य येतात. खेळांच्या वाट्यास हें भाग्य क्वचितच येतें. परंतु जो खेळ वर्षानुवर्षें कोट्यवधि माणसांना घराबाहेर काढतो, त्याच्याकडे पोरखेळ म्हणून काणाडोळा करणें आम्हांस उचित वाटत नाहीं. 'पोकेमॉन गो' हा मोबाइलवरील खेळ नायॅन्टिक या अमेरिकन कंपनीनें ६ जुलै २०१६ रोजीं अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें प्रथम सुरू केला; आपल्याकडे तो रीतसर आला त्याच वर्षाच्या डिसेंबरांत.

ज्यांच्या घरीं मुलें आहेत त्यांना त्याची रीत सांगावयास नको. इतरांसाठीं थोडक्यांत सांगतों. मोबाइलच्या पडद्यावर आपल्या भोवतालच्या रस्त्यांचा नकाशा उमटतो, आणि आपण चालूं लागलों म्हणजे नकाशावरील बाहुलीही चालूं लागते. वाटेंत काल्पनिक प्राणी भेटतात. कॅमेरा उघडला तर तो प्राणी समोरच्या बाकावरच बसला आहे असें दिसतें. चेंडू फेकून त्याला पकडावयाचें. चेंडू संपले कीं ते मिळविण्यासाठीं 'पोकेस्टॉप' नांवाच्या थांब्यापाशीं जावें लागतें, आणि हे थांबे म्हणजे खरोखरीचे पुतळे, कारंजीं, देवळें, ग्रंथालयें.

या खेळाचा गुण आधीं मोकळेपणानें मान्य केला पाहिजे. मोबाइलनें माणसाला माणसापासून तोडलें अशी ओरड आपण सारेच करतों. येथें तर मोबाइलच माणसांना एका पुतळ्यापाशीं गोळा करतो. २०१७ पासून 'रेड' नांवाच्या झुंजी सुरू झाल्या. त्यांतील बलाढ्य प्राणी एकट्यादुकट्यास आटोपत नाहीं, म्हणून अनोळखी माणसांना ठरल्या वेळीं एकत्र यावें लागे. विद्यार्थी, दुकानांतला नोकर, नातवाचा हात धरून आलेले आजोबा यांना एरवीं एकमेकांशीं बोलण्याचें कारण पडलें नसतें.

तथापि जमाव जमला म्हणजे समाज झाला असें आम्ही मानीत नाहीं. हेग शहराजवळील काइकडाउन या समुद्रकाठच्या वस्तींत २०१६ सालीं खेळाडूंच्या झुंडी इतक्या लोटल्या कीं, नगरपालिकेला कंपनीविरुद्ध न्यायालयाची वाट धरावी लागली; मग रात्रीं अकरा ते सकाळीं सात तेथें खेळ बंद ठेवण्याचें ठरलें. आपल्या गांवच्या पारावरही गर्दी होते. परंतु तेथें किती वेळ बसावें, आवाज किती चढवावा, याचा निवाडा गांव करीत असे. (त्या पारावर बसण्याचा अधिकार सर्वांना नव्हता, हेंही येथें सांगितलें पाहिजे. पाराच्या गोडव्यांत आमच्या पिढीनें तें पुष्कळदां दडविलें आहे.)

मग या नव्या पाराचीं ठिकाणें ठरविलीं कोणीं? कंपनीचा याआधींचा खेळ 'इन्ग्रेस'. त्याच्या खेळाडूंनीं आपापल्या भागांतील लक्षणीय स्थळें सुचविलीं होतीं. तींच पुढें पोकेस्टॉप झालीं. म्हणजे ज्यांच्या हातीं त्या काळीं चांगला मोबाइल आणि पुरेशी फुरसत होती, त्यांच्या डोळ्यांना जें दिसलें तें नकाशावर चढलें. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून हे थांबे विरळ आहेत, ही गोष्ट २०१६ सालींच पत्रकारांच्या व अभ्यासकांच्या ध्यानांत आली. जुन्या पारावरून उठवलेल्यांना नव्या पारावरही जागा मिळाली नाहीं ती अशी.

याच्या उलट, जेथें थांबा नकोच होता तेथें तो न विचारतां बसला. हिरोशिमाच्या शांति-उद्यानांत अणुबाँबनें मेलेल्यांचीं स्मारकें आहेत. यंत्राच्या लेखीं प्रत्येक स्मारक म्हणजे एक सोयीस्कर खूण. २०१६ च्या ६ ऑगस्टचा स्मृतिसमारंभ जवळ आला तेव्हां नगराला कंपनीकडे विनंती करावी लागली, आणि त्यापूर्वीं ते थांबे हटविण्यांत आले. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयालाही पाहुण्यांना असेंच विनवावें लागलें. त्याच वर्षीं गुजरात उच्च न्यायालयांत एक अर्ज आला कीं, या खेळांतील अंडीं देवळांत दिसतात. त्या बातमीस आम्ही तेव्हां हसलों होतों. आज तें हसूं आम्हांस उथळ वाटतें. कारण अर्जदाराची भावना कशीही असो, त्याचा प्रश्न हिरोशिमाच्या नगराचाच होता. आमच्या जागेंत काय मांडावें हें आम्हांला कोणीं विचारलें?

खेळाडूंवरही हाच प्रसंग आला. २०२० सालीं महामारीमुळें कंपनीनें थांब्याचा पल्ला चाळीस मीटरांवरून ऐंशींवर नेला. रस्ता न ओलांडतां, चाकांच्या खुर्चीत बसूनही थांबा गांठतां येऊं लागला, आणि जे आजवर कडेला राहत होते तेही खेळांत आले. ऑगस्ट २०२१ मध्यें अमेरिका व न्यूझीलंड येथें तो पल्ला पुन्हा चाळीसावर आणला. तेव्हां मात्र सशक्त खेळाडूही अपंगांच्या बाजूनें उभे राहिले, उघडीं पत्रें लिहिलीं गेलीं, आणि महिना संपण्यापूर्वींच कंपनीनें ऐंशी मीटर कायम केले. आमच्या मतें या खेळानें खरा समाज घडविला असेल तर तो त्या कांहीं आठवड्यांत. आणि तो घडला प्राणी पकडण्याच्या नादांत नव्हे, दुसऱ्याच्या अडचणीसाठीं भांडतांना. अर्थात् भांडून मिळालें तें मालकाच्या मर्जीनेंच. २०२३ सालीं घरबसल्या झुंजींत भाग घेण्याची किंमत वाढली व त्यांवर मर्यादाही आली. त्याही वेळीं आरडाओरड झाली, पण कंपनी मागें हटली नाहीं.

मार्च २०२५ मध्यें नायॅन्टिकनें आपला खेळांचा धंदा साडेतीन अब्ज डॉलरांस स्कोपली या कंपनीला विकल्याचें जाहीर केलें. स्कोपलीची मालकी सौदी अरेबियाच्या सरकारी निधीकडे जाते. पुतळ्यापाशीं जमणाऱ्या त्या आजोबांना व विद्यार्थ्यांना ही बातमी इतरांबरोबरच वर्तमानपत्रांतून कळली असेल. खेळाडूंनीं हौसेनें फिरून चित्रित करून दिलेल्या चौकांवर आणि पुतळ्यांवर ज्याची उभारणी चालू आहे, तो नकाशांचा विभाग मात्र जुन्या मालकांनीं विकला नाहीं. वेगळी कंपनी काढून तो स्वतःपाशीं ठेवला.