पाव मैलाची पट्टी आणि नदीचे पाणलोट

नदी वाचवायची म्हणजे नेमके काय वाचवायचे? वाहते पाणी, दोन्ही काठ, त्यातले मासे, की ती जिथून पाणी गोळा करते तो सगळा मुलूख? वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल. पण एखादा देश नदीसाठी कायदा करायला बसतो, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर त्याला मैल आणि एकर यांत द्यावे लागते. अमेरिकेने असे उत्तर १९६८ साली दिले. त्याला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. तेव्हा त्या कायद्याचे गुणदोष भूगोल आणि परिसरविज्ञान यांच्या कसोटीवर तपासून पाहण्यास हरकत नाही. वर्गात 'पाणलोट क्षेत्र' हा धडा शिकवताना या तपासणीचा उपयोग होईल, असे आम्हाला वाटते.

कायद्यामागची गोष्ट

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत धरणांचा धडाका सुरू होता. वीज, सिंचन, पूरनियंत्रण अशी कारणे होती आणि ती खोटीही नव्हती. पण एकेक नदी अडवली जाऊ लागली, तसे काही जण विचारू लागले की सगळ्याच नद्या अडवायच्या का? ग्रिझली अस्वलांच्या अभ्यासामुळे प्रसिद्ध असलेले जॉन आणि फ्रँक क्रेगहेड हे जुळे भाऊ त्यांत आघाडीवर होते. २ ऑक्टोबर १९६८ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 'वन्य व निसर्गरम्य नद्या कायद्या'वर सही केली. सुरुवातीला आठ नद्यांना त्याचे छत्र मिळाले. आज हा आकडा सव्वादोनशेच्या पुढे गेला असून संरक्षित प्रवाहांची लांबी १३,००० मैलांहून, म्हणजे सुमारे २१,००० किलोमीटरहून, अधिक आहे. हा आकडा मोठा दिसतो खरा, पण त्या देशातील एकूण प्रवाहांच्या लांबीत त्याचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे.

कायद्याने नद्यांचे तीन वर्ग केले: वन्य, निसर्गरम्य आणि विहारयोग्य. जिथे पायवाटेखेरीज पोहोचता येत नाही तो प्रवाह वन्य, जिथे अधूनमधून रस्ता येऊन मिळतो तो निसर्गरम्य आणि जिथे रस्त्याने सहज जाता येते तो विहारयोग्य. या प्रवाहांवर नवे धरण किंवा वीजप्रकल्प उभारण्यास संघराज्याचे सरकार परवाना देऊ शकत नाही, हा कायद्याचा कणा होय. धरण रोखण्याच्या कामी हा कायदा चोख ठरला, हे प्रथमच मान्य केले पाहिजे.

आमचा आक्षेप पुढे सुरू होतो. नदीच्या काठची किती जमीन संरक्षणात घ्यायची, याची कायद्याने मर्यादा घातली आहे: प्रवाहाच्या दर मैलामागे सरासरी ३२० एकर. (अलास्कात ती दुप्पट आहे.) याचा अर्थ विद्यार्थ्यांना गणिताने काढता येईल. एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर. तेव्हा एक मैल लांबीला ३२० एकर म्हणजे अर्धा मैल रुंदी, अर्थात प्रत्येक काठाला पाव मैल, सुमारे ४०० मीटर. होडीत बसलेल्या माणसाच्या नजरेला जे काठ दिसतात, ते या पट्टीत बहुतेक सामावतात. सौंदर्य जपण्यासाठी ही रुंदी पुरेशी वाटते. पाण्यासाठी ती पुरते का?

गंमत अशी की कायद्यातील वन्य आणि निसर्गरम्य नदीच्या व्याख्येत 'पाणलोट' हा शब्द आलेला आहे. पाणलोट किंवा काठ बहुतांशी मूळ अवस्थेत असावेत, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे निवड करताना पाणलोट आठवते, पण सांभाळायच्या जमिनीचे माप ठरवताना त्याचा विसर पडतो.

पाणी कुठून येते?

नदीचा नकाशा झाडासारखा असतो. खोड एकच, पण फांद्या, डहाळ्या आणि काड्या असंख्य. या काड्या म्हणजे डोंगरउतारावरचे, शेताच्या बांधालगतचे ओहळ. एकूण प्रवाहजालाच्या लांबीत अशा लहान प्रवाहांचाच वाटा निम्म्याहून कितीतरी अधिक भरतो. मुख्य नदीत येणारे पाणी, गाळ, पालापाचोळा, खते हे सारे आधी या ओहळांत उतरते. पाव मैलाच्या पट्टीपर्यंत पाणी पोहोचते, तोवर ते कसे असणार हे वरच ठरून गेलेले असते.

रॉबिन व्हॅनोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली नदीच्या या सलगतेची एक प्रसिद्ध संकल्पना मांडली. उगमाकडील ओहळावर झाडांची सावली असते. तिथे शेवाळ फारसे वाढत नाही आणि जीवसृष्टी मुख्यतः गळून पडलेल्या पानांवर जगते. पाने कुरतडणारे कीटक त्यांचा भुगा करतात आणि तो भुगा खाली वाहत जाऊन तेथील गाळून खाणाऱ्या जिवांचे अन्न बनतो. म्हणजे खालच्या नदीतल्या माशाचे जेवण काही अंशी वरच्या ओहळाकाठच्या झाडावर तयार होत असते. काठची झाडे तोडली की काय होते, याचा अभ्यास याच परंपरेतील संशोधकांनी पूर्व अमेरिकेतील सोळा ओढ्यांवर केला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात झाडी गेलेले ओढे अरुंद झालेले आढळले. काठचे गवत माती धरून आत सरकते आणि पात्र आवळते. अरुंद पात्रात किड्यांना जागा कमी आणि प्रदूषण पचवण्याची ओढ्याची ताकदही कमी. पुढे २०१४ साली याच विषयावरील संशोधनाचा आढावा घेताना, लहान ओढ्यांच्या दोन्ही काठांना निदान ३० मीटर रुंद झाडीची पट्टी हवी, असा निष्कर्ष काढण्यात आला.

एका ओढ्याचा हिशोब

हे संशोधक ज्या ओढ्याच्या काठी काम करतात, त्याचे नाव व्हाइट क्ले क्रीक. पेनसिल्व्हेनिया राज्यात उगम पावून तो डेलावेअर राज्यात क्रिस्टिना नदीला मिळतो. त्याचे पाणलोट १०७ चौरस मैल, म्हणजे सुमारे २७७ चौरस किलोमीटर आहे. वरच्या भागात शेती, घोड्यांची कुरणे आणि अळिंबीची मोठी लागवड. खाली नेवार्क शहर, ज्याच्या पिण्याच्या पाण्याचा काही भाग याच ओढ्यातून येतो. या दोन राज्यांमधली सीमा कशी आखली आहे, हे भूगोलाच्या शिक्षकांना आवडेल. न्यू कॅसल गावातील न्यायालय केंद्र मानून १२ मैल त्रिज्येने काढलेला तो वर्तुळाचा कंस आहे. कंपासने काढलेली ही रेषा पाणलोटाला सरळ छेदून जाते. ओढ्याला तिचा पत्ता नाही, पण जमीन वापराचे नियम मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंना वेगळे आहेत.

या ओढ्यावर धरण बांधण्याचा बेत एकेकाळी होता. लोकांनी विरोध केला. त्यासाठी ड्यूपाँट कंपनीने घेतलेली जमीन १९८४ साली दोन्ही राज्यांना देण्यात आली आणि तिथे राखीव क्षेत्र झाले. पुढे २४ ऑक्टोबर २००० रोजी व्हाइट क्ले क्रीक वन्य व निसर्गरम्य नद्यांच्या यादीत आला. यावेळी प्रथमच नदीचा एखादा तुकडा न घेता संपूर्ण पाणलोटातील प्रवाहजाल, सुमारे १९० मैल लांबीचे, एकत्र धरण्यात आले. १९६८ च्या कायद्यातील उणीव ३२ वर्षांनी एका ओढ्यापुरती का होईना ओळखली गेली.

आता कागदावर एक हिशोब करू. समजा, जुन्या पद्धतीने फक्त मुख्य प्रवाहाचे २० मैल घेतले असते. पाव-पाव मैलाच्या पट्टीत १० चौरस मैल, म्हणजे २६ चौरस किलोमीटर जमीन आली असती. त्याऐवजी सर्व १९० मैलांना (३०६ किलोमीटर) दोन्ही काठांना फक्त ३० मीटर झाडीची पट्टी दिली, तर जमीन लागते साधारण १८ चौरस किलोमीटर, म्हणजे पाणलोटाच्या सात टक्क्यांहूनही कमी. कमी जमिनीत अधिक काम! मुख्य नदीकाठची रुंद पट्टी डोळ्यांना सुखावते. पण प्रत्येक ओहळाकाठची अरुंद पट्टी पाणी राखते. कायद्याने रुंदी मोजली, लांबी मोजायला हवी होती, असे आमचे म्हणणे आहे.

अर्थात झाडीची पट्टी म्हणजे रामबाण नव्हे. नायट्रेट भूजलातून खोलवरून येते. शहरातील पावसाचे पाणी नळांतून पट्टीच्या खालून थेट ओढ्यात पडते. पाणलोटाच्या साधारण दहा टक्के जमिनीवर डांबर, काँक्रीट आणि छपरे आली की ओढ्याची तब्येत ढासळू लागते, असे अनेक ठिकाणच्या अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा पट्टीच्या पलीकडची घरे, रस्ते आणि शेते यांचाही विचार करावाच लागतो.

आणि इथेच व्हाइट क्ले क्रीकचा कायदाही तोकडा पडतो. त्याने संपूर्ण पाणलोट नकाशावर घेतले, पण खासगी जमिनीवर संघराज्याचा अधिकार चालत नाही. सक्तीने जमीन घेण्याची मुभा इथे नाही. कुठे घरे बांधावीत, हे पेनसिल्व्हेनियात छोट्या छोट्या स्थानिक संस्था ठरवतात. शेतातून पावसाबरोबर वाहून येणारे खत अमेरिकेच्या स्वच्छ जल कायद्याच्या परवाना पद्धतीतून १९८७ पासून स्पष्टपणे वगळलेले आहे. जुने बंधारेही कायद्याने आपोआप हटत नाहीत. गिरणीसाठी १७७७ साली बांधलेला एक बंधारा शॅड माशांची वाट अडवून होता. तो काढायला २०१४ साल उजाडले. तरीही या यादीने एक मोठे काम केले: कंसाच्या दोन्ही बाजूंच्या गावांना एका व्यवस्थापन आराखड्याभोवती बसवले. आमच्या मते या कायद्याची खरी मिळकत हीच. पण समजुतीने चालणारे काम आणि कायद्याने बांधलेले काम यांत फरक आहे. 'संपूर्ण पाणलोट संरक्षित' या शब्दांवरून वाचकाने भलताच समज करून घेऊ नये.

कायदा आणि शासन निर्णय

या गोष्टीचा आपल्याशी संबंध आहे. महाराष्ट्राने २००० साली नदी नियमन क्षेत्राचे धोरण जाहीर केले होते. पाण्याच्या वर्गानुसार नदीकाठापासून ठराविक अंतरात कोणते उद्योग चालतील व कोणते नाहीत, हे त्यात ठरवले होते. २००९ साली त्यात बदल झाले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ते धोरणच रद्द झाले. त्याच्या बाजूने आणि विरोधात बोलण्यासारखे बरेच आहे. अंतर मोजण्याची तीच पट्टी इथेही होती, हा दोष आम्ही वर सांगितलाच आहे. पण रद्द होण्याची रीत पाहा. धोरण शासकीय आदेशाने आले आणि आदेशानेच गेले.

याच्या शेजारी सेंट क्रॉय नदीचे उदाहरण ठेवू. १९६८ च्या पहिल्या आठांत असलेल्या या नदीच्या खालच्या भागाला १९७२ साली संरक्षण मिळाले. तिथे चारपदरी पूल हवा होता, पण कायदा आड आला आणि प्रकरण न्यायालयात अडकले. शेवटी २०१२ साली अमेरिकी काँग्रेसला त्या एका पुलासाठी वेगळा कायदा मंजूर करावा लागला. पूल २०१७ साली खुला झाला. म्हणजे कायद्यालाही वळसा घालता येतो. पण तो घालताना चर्चा करावी लागली, मतदान करावे लागले, कोण कोणत्या बाजूचे हे नोंदले गेले. नदीचे रक्षण विधिमंडळाच्या कायद्याने व्हावे, असा आग्रह आम्ही धरतो तो यासाठी.

पाणलोट ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. 'माथा ते पायथा' हे सूत्र आपल्या दुष्काळी गावांनी बांधबंदिस्ती करताना घोटून घेतले आहे. ते आपण पाणी अडवण्यासाठी शिकलो. नदी निर्मळ राखण्यासाठी ते लावलेले नाही. हे दोन्ही एकाच उतारावरचे काम आहे.

शाळेत याची सुरुवात अशी करता येईल. आपल्या भागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा घ्या. जवळच्या नदीच्या एखाद्या उपनदीचे सर्व ओहळ निळ्या पेन्सिलीने गिरवा आणि समोच्च रेषा पाहून पाणलोटाची सीमा लाल पेन्सिलीने काढा. नंतर मुख्य प्रवाहाच्या दोन्ही बाजूंना ८ मिलिमीटर रुंदीची पट्टी रंगवा. हीच ती पाव मैलाची पट्टी. मग दोऱ्याने मोजा: निळ्या रेषांपैकी किती सेंटिमीटर पट्टीच्या आत आहेत आणि किती बाहेर? त्यानंतर बाहेरच्या भागात कोणती शेते, वस्त्या, खाणी, कारखाने येतात, याची यादी करा. नदीच्या कायद्यात काय असायला हवे, याचा पहिला मसुदा विद्यार्थी त्या यादीवरून स्वतःच लिहू शकतील.