कातळशिल्पांची छायाचित्रे : रेषा कातळावरची आणि रेषा पडद्यावरची

रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांवर आढळलेल्या कातळशिल्पांविषयी अलीकडे पुष्कळ लेखन झाले आहे. 2022 साली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे ही जिल्ह्यातील सात स्थळे युनेस्कोच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाल्यापासून तर या लेखनास विशेष भर आला. त्याची भिस्त मुख्यतः छायाचित्रांवर आहे. आणि छायाचित्र जसे टिपले तसेच छापले गेले, असे आज क्वचितच घडते. संगणकावर त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवावयाचा, तपशील उठावदार करावयाचा आणि मगच ते वाचकांपुढे ठेवावयाचे, हा परिपाठ झाला आहे. या परिपाठाचे परीक्षण मात्र कोणी केलेले दिसत नाही.

छायाचित्रकाराची अडचण खोटी नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब व 13 मीटर रुंद आहे. त्याच्या काठाशी उभ्या राहिलेल्या माणसास तो एका दृष्टिक्षेपात मावत नाही. ड्रोन उडवून वरून टिपावा, तर भर दुपारी त्याची बाह्यरेषा जवळजवळ नाहीशी होते. याचे कारण असे की, कातळशिल्पाची रेषा रंगाने काढलेली नाही. ती जांभ्यात खोदलेली आहे. आपणांस जी दिसते ती त्या खोदाईत पडलेली सावली होय. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जे चित्र ठसठशीत दिसते, तेच माथ्यावरच्या उन्हात सपाट होते. अशा वेळी घेतलेले चित्र वाचविण्यासाठी संपादनप्रणालीचा आश्रय केला जातो.

ही प्रणाली करते काय? सामान्य प्रतीच्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 पायऱ्या असतात. फिकट उजेडात टिपलेला कातळ, समजा, त्यांपैकी मधल्या चाळीसच पायऱ्यांत दाटीने बसलेला असतो. कॉन्ट्रास्ट वाढविणे म्हणजे या चाळीस पायऱ्या 256 वर ताणून बसविणे. त्यात नवी माहिती मुळीच येत नाही. होती तीमधील अंतर तेवढे वाढते. येथवर आक्षेपास जागा नाही.

खरा प्रश्न तीक्ष्णीकरणाचा, म्हणजे शार्पनिंगचा आहे. त्यातील ‘अनशार्प मास्क’ ही युक्ती फोटोशॉपच्याही (1990) पूर्वीची, अंधाऱ्या खोलीतली. निगेटिव्हवर तिचीच धूसर पॉझिटिव्ह प्रत ठेवून छपाई केली की कडा उठून दिसत. डेव्हिड मालिन यांनी खगोलीय छायाचित्रांसाठी हिचा प्रसिद्ध उपयोग केला. संगणक हेच गणिताने करतो. जेथे फिका व गडद भाग भेटतात तेथे तो फिक्याची कड अधिक फिकी व गडदाची अधिक गडद करतो. आता तिरप्या उन्हातील खोदाईकडे पाहावे. तिचीही एक कड उजळलेली व एक अंधारलेली असते! म्हणजे सपाट कातळावरील निव्वळ डागाच्या कडेलाही ही प्रक्रिया खोदाईचे सोंग देऊ शकते. जांभ्याच्या बाबतीत हा धोका दुणावतो. तो मुळात सच्छिद्र. त्यावर पावसाळ्यात शेवाळ धरते, पुढे वाळून काळे पडते, आणि पाण्याच्या ओघळांचे पट्टे मागे राहतात. प्रणालीस छिद्र, ओघळ आणि छिन्नीचा घाव ही सारखीच.

तथापि सोंग ओळखता येते. सूर्य पश्चिमेस असेल तर खऱ्या खोदाईची पश्चिमेची कड सावलीत व पूर्वेची उजेडात असली पाहिजे, आणि हा क्रम संपूर्ण चित्रभर टिकला पाहिजे. (शिल्प उठावाचे असल्यास तो उलटा होईल.) अरुंद काळ्या डागाला प्रणाली देते ती उजळ किनार मात्र दोन्ही बाजूंस असते, तिला सूर्याची दिशा ठाऊक नसते. शिवाय खोदलेली रेषा उन्हाच्या दिशेला समांतर वळली की ती पुसट व्हावयास हवी. जी रेषा सर्व वळणांवर सारखीच काळी राहते, तिच्याविषयी संशय घ्यावा. खोदाईत माती वा शेवाळ साचले असल्यास हा निकष लंगडा पडतो, हे खरे. पण मग कातळावर जाऊनच पाहिले पाहिजे.

जॉन हार्मन यांच्या डीस्ट्रेच या साधनाचा आपल्याकडे होणारा वापर याहून चिंत्य वाटतो. ते शैलाश्रयांतील पुसट झालेल्या रंगचित्रांसाठी केलेले साधन आहे. रंगांतील सूक्ष्म भेद ते ताणते. जेथे रंगच नाही तेथे ते शेवाळाचीच चित्रे रंगविते. डाग कोणता व खोदाई कोणती हे वेगळे काढण्यासाठी ते उपयोगी पडेल, पण त्या अंगाने त्याचा उपयोग केलेला आमच्या पाहण्यात नाही. अनेक दिशांनी प्रकाश टाकून चित्रे घेण्याची 2001 साली टॉम माल्झबेंडर व सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धती, किंवा अनेक चित्रांवरून खोलीचे प्रतिरूप सिद्ध करणारी फोटोग्रॅमेट्री, या विषयास अधिक अनुरूप होत.

असंस्कारित चित्राचा आग्रह धरणारे विद्वानही आहेत. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, कॅमेरा जी जेपेग प्रत देतो तिच्यावर कॉन्ट्रास्ट व तीक्ष्णीकरण यांचे संस्कार त्याने आधीच केलेले असतात. मागणी करावयाचीच तर ती अशी करावी: मूळ रॉ प्रत जपावी, मूळ व संस्कारित चित्र शेजारी छापावे, वेळ, सूर्याची दिशा, मोजपट्टी आणि केलेले संस्कार यांची नोंद चित्राखालीच द्यावी. कातळशिल्पांत गेंडा, पाणघोडा असे आज कोकणात नसलेले प्राणी ओळखले गेले आहेत व त्यांवरून प्राचीन हवामान आणि शिल्पांचा काळ यांविषयी अनुमाने केली जातात. गेंड्याचे शिंग म्हणजे अखेर एक रेषा. ती कोणी काढली, हे वाचकास तपासता आले पाहिजे.

प्रस्तुत लेखक या दोषापासून मुक्त नाही. राजापूर तालुक्यातील एका सड्यावरील चतुष्पादास त्याने संस्कारित चित्राच्या आधारे लांब, गोंडेदार शेपूट असल्याचे प्रतिपादन केले, विद्यार्थ्यांना दाखविले, आणि त्यांतील एकाने ते विश्वासाने आपल्या प्रबंधात घेतले. पुढे डिसेंबरात सूर्यास्तापूर्वी तेथे जाऊन रेषेवरून बोट फिरविले, तेव्हा पाठीची कड बोटास लागली, पायांची लागली. शेपटीच्या जागी कातळ सपाट होता. तो पाण्याचा ओघळ होता. विद्यार्थ्याने प्रबंधातील ते चित्र काढून टाकले. तो प्राणी कोणता, हे आता सांगता येत नाही.