‘अनअफेक्टेड’ म्हणजे कधीपर्यंत?

बायपोलर डिसऑर्डर आणि आनुवंशिकता या विषयात पीएचडी करायचं म्हटलं की गाईड वाचायला देतात त्या पहिल्या पेपरांमध्ये १९८७ चा ‘नेचर’मधला आमिश पेपर हमखास असतो. असायलाच हवा. माझा आक्षेप आहे तो शिकवण्याच्या पद्धतीवर. ‘घाईने जीन सापडला म्हणाले, पुढे रेप्लिकेट झालं नाही, विषय संपला’ अशा एका वाक्यात तो गुंडाळला जातो. त्यात खरी गोम निसटते.

आमिश लोक निवडण्यामागे चांगली कारणं होती. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीतला हा समाज मोटार चालवत नाही, घोडागाडी वापरतो. कुटुंबं मोठी, लग्नं समाजातच, वंशावळी जपून ठेवलेल्या. दारू आणि ड्रग्जचं प्रमाण कमी, त्यामुळे आजाराचं चित्र गढूळ होत नाही. जॅनिस एगलँड यांनी तिथे अनेक वर्षं काम केलं. मेनियाची लक्षणंही त्यांनी त्या समाजाच्या चौकटीत वाचली: घोडा बेफाम पळवणं, सार्वजनिक फोनचा अतिवापर, भलत्याच हंगामात सहलीचे बेत. (आपल्याकडे अनुवादित प्रश्नावली जशीच्या तशी वाटणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.)

१९८७ मध्ये एका मोठ्या आमिश घराण्यात आजाराचं लिंकेज ११ व्या क्रोमोझोमवरच्या मार्कर्सशी दिसलं. लॉड स्कोअर ३ असला की साधारणपणे लिंकेज मानतात. म्हणजे लिंकेज नसताना असा डेटा मिळण्यापेक्षा असताना मिळण्याची शक्यता हजारपट. इथे तो ४ च्याही वर गेला.

त्याच अंकात, दुसऱ्या घराण्यांमध्ये हे लिंकेज दिसत नाही असं सांगणारे पेपरही होते. पण त्यामुळे आमिश निष्कर्ष खोटा ठरत नव्हता. वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळे जीन असू शकतात. तो पडला तो १९८९ मध्ये, आणि त्याच घराण्यात. आधी ‘अनअफेक्टेड’ म्हणून नोंदवलेल्या दोन व्यक्ती मधल्या काळात आजारी पडल्या. फक्त दोन! लॉड स्कोअर ३ च्या खाली घसरला. घराण्याची आणखी एक शाखा जोडल्यावर तर त्या भागातलं लिंकेज नाकारावंच लागलं. हा दुसरा पेपर लिहिणाऱ्यांमध्ये एगलँड स्वतः होत्या, पहिल्या पेपरातले इतरही काही जण होते. म्हणून ‘रेप्लिकेशन फसलं’ हे वर्णन मला अपुरं वाटतं. घराणं तेच होतं, पण मधे दोन वर्षं गेली आणि एका कॉलममधली नोंद बदलली.

हाच कॉलम तरुण मुलांवरच्या अभ्यासात जास्त त्रास देतो. बायपोलर असलेल्या पालकांच्या मुलांचा एक डच अभ्यास आहे. सुरुवातीला मुलं १२ ते २१ वर्षांची होती आणि त्यांच्यात बायपोलरचं प्रमाण ३ टक्के होतं. पाच वर्षांनी १० टक्के, बारा वर्षांनी १३ टक्के. मुलं तीच. पहिल्याच फेरीवर थांबून कुणी थिसिस लिहिला असता तर? शिवाय बायपोलर झालेल्यांपैकी बहुतेकांचा पहिला एपिसोड डिप्रेशनचा होता. म्हणजे एखाद्या वर्षी ‘डिप्रेशन’ म्हणून केलेली नोंदसुद्धा पक्की धरता येत नाही.

पिट्सबर्गच्या २००९ च्या अभ्यासाची रचना या बाबतीत भक्कम आहे. ६ ते १८ वयाची मुलं, सोबत कंट्रोल ग्रुप, आणि मुलांची मुलाखत घेणाऱ्यांना पालकांचं निदान माहीत नव्हतं. बायपोलर स्पेक्ट्रमचं प्रमाण १०.६ टक्के, कंट्रोलमध्ये ०.८. फरक खरा आहे, यात मला शंका नाही. पण १०.६ हा आकडा जिथेतिथे ‘बायपोलर पालकांच्या मुलांना असलेला धोका’ म्हणून उद्धृत होतो, ते चूक. सहा वर्षांच्या मुलाचं धोक्याचं वय अजून सुरूही झालेलं नाही, म्हणून आकडा कमी असू शकतो. उलट ‘स्पेक्ट्रम’मध्ये पूर्ण निकष न भरणारी मुलंही येतात, त्यातल्या काहींचं पुढे बायपोलर होणारही नाही, म्हणून तो जास्तही असू शकतो. अमेरिकेत लहान मुलांना बायपोलरचं लेबल सर्रास लागतंय ही टीका त्याच काळातली. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये सतत चिडचिड करणाऱ्या मुलांसाठी वेगळं निदान आलं ते याच काळजीतून.

तेव्हा ऑफस्प्रिंग स्टडीचा पेपर हातात आला की निकालाआधी मेथड्स उघडा. मुलांचं वय काय, किती वर्षं फॉलो-अप, मधे सोडून गेलेली मुलं कोण, निदान पुन्हा तपासलं का. सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस वापरलंय का तेही बघा. त्यात ‘अजून आजारी नाही’ ही नोंद ‘आजारी नाही’पेक्षा वेगळी धरली जाते. आणि स्वतःचा डेटा गोळा करताना एक्सेल शीटमध्ये ‘अनअफेक्टेड’च्या शेजारी एक कॉलम वाढवा: कोणत्या तारखेपर्यंत.