घुबडाचा चेहरा

वर्गात मुलांना घुबडाचे चित्र काढायला सांगून पाहा. बहुतेक मुले आधी दोन मोठे गोल काढतील. त्यांत बुबुळे मधोमध बसवली की घुबड टक लावून पाहते, कोपऱ्यात सरकवली की लबाड दिसते. मोठे चित्रकारही हेच करतात. डिस्नेच्या ‘द सोर्ड इन द स्टोन’ (१९६३) या चित्रपटातले आर्किमिडीज नावाचे घुबड तिरसट आणि विद्वान वाटते, त्यात इकडेतिकडे फिरणाऱ्या डोळ्यांचा वाटा मोठा आहे.

खऱ्या घुबडाला हे जमत नाही. त्याचा डोळा चेंडूसारखा नसतो. तो नळीसारखा लांबट आणि हाडांच्या कड्यात घट्ट बसलेला असतो. बाजूला पाहायचे तर मानच वळवायला हवी. आपल्या मानेत ७ मणके असतात, घुबडाच्या १४. त्याची मान सुमारे २७० अंशांपर्यंत वळू शकते.

सपाट, गोल चेहरा आणि समोर पाहणारे दोन डोळे यांमुळे घुबड आपल्याला माणसासारखे वाटते. म्हणून आपण आपल्याच कल्पना त्याला चिकटवतो. कुठे त्याला चष्मा घालून पंडित केले, तर आपल्याकडे अपशकुनी ठरवले. प्रत्यक्षात चेहऱ्यावरची पिसांची तबकडी आवाज गोळा करून कानांकडे पोचवते. गव्हाणी घुबडाच्या कानांची छिद्रे एक वर, एक खाली असतात. त्यामुळे उंदराची खुडबुड नेमकी कुठे झाली हे त्याला अंधारातही कळते. आपण ज्याला चेहरा म्हणतो, तो खरे तर कानाचाच भाग आहे!

मग बोलणारी घुबडे पुस्तकांतून काढून टाकायची का? मुळीच नाही. मिल्न यांच्या ‘विनी-द-पू’ (१९२६) मधले घुबड विद्वान म्हणून मिरवते, पण स्वतःच्या नावातली अक्षरे उलटसुलट लिहिते. यात थट्टा आहे ती पंडितीची, आणि ती मुलांना बरोबर कळते.

मार्टिन वॉडेल यांनी लिहिलेले आणि पॅट्रिक बेन्सन यांनी चित्रे काढलेले ‘आउल बेबीज’ (१९९२) मात्र याच्याही पुढे जाते. सारा, पर्सी आणि बिल ही तीन पिल्ले रात्री जागी होतात, तर आई नाही. ती घाबरतात, ढोलीबाहेर येऊन फांदीवर बसतात आणि आईची वाट पाहतात. बोलणे माणसांचे, पण प्रसंग घुबडांचाच. आई रात्री शिकारीला जाते. पिल्ले नीट उडता येण्याआधीच फांदीवर येतात. तिघे लहानमोठे आहेत, हेही खरे : मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवू लागते, म्हणून पिल्ले एकामागोमाग बाहेर येतात. अन्न कमी पडले तर धाकटे बऱ्याचदा जगत नाही. पुस्तक हे सांगत नाही. ते मोठ्या मुलांना शिक्षकांनी सांगावे.

पुस्तक निवडताना एवढेच पाहावे : गोष्टीतली अडचण त्या प्राण्याच्या जगण्यातून आली आहे का? घुबडाच्या जागी ससा घातला तरी गोष्ट तशीच चालत असेल, तर ती घुबडाची गोष्ट नव्हे.

शेवटी मुलांना डोळे न हलवता फळ्याची दोन्ही टोके पाहायला सांगा आणि मग पुन्हा घुबड काढायला द्या. १९७२ च्या कायद्याने संरक्षण असूनही अंधश्रद्धेपायी घुबडे पकडली आणि मारली जातात. दुसऱ्या चित्रातले घुबड ज्या मुलाच्या मनात राहील, ते मूल घुबडावर दगड उचलण्याआधी नक्कीच थांबेल.