क्रिनोलिनचा घेर आणि दोमिएची रेषा

१८३५ च्या सप्टेंबरमधील कायद्यांनी फ्रान्समध्ये व्यंगचित्रांवर पूर्वपरवानगीचे बंधन घातले, आणि 'ल शारिवारी' या पत्राला राजा सोडून नागरिकांच्या चालीरीतींकडे वळावे लागले. म्हणून वेषभूषेवरील उपहासचित्रे नाइलाजाची, दुय्यम निर्मिती समजली जातात. हे मत सर्वस्वी ग्राह्य वाटत नाही.

गावार्नी आणि दोमिए यांची चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. गावार्नीने 'ला मोद' या नियतकालिकासाठी नव्या पोषाखांची चित्रे काढली होती. वस्त्राची चुणी न् चुणी त्याला ठाऊक. पण त्यामुळेच त्याचा उपहास पुष्कळदा कौतुकात विरघळतो. त्याची नटवी स्त्री हास्यास्पद होण्याआधी मोहक होते, आणि बोचण्याचे काम चित्राखालील मजकुरावर पडते. दोमिएच्या चित्रांखालील मजकूर बहुधा इतरांनी लिहिलेला. तो झाकला तरी फारसे बिघडत नाही. १८५६ च्या सुमारास पोलादी कड्यांचे क्रिनोलिन रूढ झाले. त्याच्या १८५७ च्या एका शिळामुद्रित चित्राचा विषय आहे, जकात चुकविण्याच्या कामी क्रिनोलिनचा उपयोग! वस्त्र किती जागा अडवते आणि आतला देह किती अवघडतो, हे त्याच्या खडूला आधी दिसते.

तथापि या हास्याचा रोख कोणावर, हा प्रश्न उरतोच. १८४४ च्या 'ले बा-ब्ल' मालिकेत त्याने लेखणी धरणाऱ्या स्त्रियांना कुरूप करून त्यांची विद्येची मिजास दाखविली. तेथे रेषा तितकीच समर्थ आहे. दृष्टी मात्र त्याच्या मध्यमवर्गीय वाचकाचीच आहे.