छत्तीस नंबरची ‘धा’

तत्त्वज्ञानाचा माणूस ड्रम मशीनवर काय बोलणार, असं मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. पण आपल्या शेगाव-खामगाव पट्ट्यात लग्नाचा ऑर्केस्ट्रा असो की रात्रीचं जागरण, ढोलकीवाल्याच्या जागी आता पुष्कळदा ऑक्टापॅड दिसतो. मागे तयार ठेका यंत्र चालवतं, वरून पॅडवर चार हात पडतात, आणि ‘ही ढोलकीच आहे’ असं आपल्याला सांगितलं जातं. तो दावा आज तपासू.

हे ठेके मिडी फाइलमधून येतात. मिडी ही १९८३ पासूनची यंत्रांची आपसातली भाषा. फाइलमध्ये आवाज नसतोच, बरं का. असतात त्या सूचना : कुठला क्रमांक, केव्हा, किती जोरात. जोर १ ते १२७. त्या क्रमांकाला आवाज कोणता, हे समोरचं यंत्र ठरवतं. म्हणजे फाइल ही लिपी आहे, आणि लिपी कुणाच्या उच्चारांसाठी घडली हा प्रश्न विचारावाच लागतो.

१९९१ साली ‘जनरल मिडी’चा तक्ता ठरला. तालवाद्यांना दहावी वाहिनी आणि ३५ ते ८१ अशा ४७ जागा. ३६ म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, ३८ स्नेअर, ४२ बंद हाय-हॅट, ४६ उघडी. बोंगो आहे, कोंगा आहे, ब्राझीलची कुइकासुद्धा आहे. तबला नाही, पखवाज नाही, ढोलकी नाही. गंमत अशी की याच तक्त्यात सुरांच्या वाद्यांमध्ये सतार आहे, शहनाईही आहे! सूर आत गेले, ताल वेशीबाहेर राहिला.

मग आपली पोरं काय करतात? तयार विलायती फाइल घेतात, ३६ वर ‘धा’ बसवतात, ३८ वर ‘ता’, आणि चालू करतात. वाजतं की! पण वाक्य विलायती ड्रमचं, उच्चार तेवढे ढोलकीचे. माझा आक्षेप आवाजाच्या नकलीवर नाहीच, तो या आळसावर आहे. ‘धा’ हा एक आवाज नव्हे. उजव्या हाताचा ‘ना’ आणि डाव्याचा ‘गे’ मिळून ‘धा’ होते, आणि त्यातला ‘गे’ कधी सपाट, कधी मनगटाने दाबून वर चढवलेला. एका क्रमांकात ही जोडी कोंबली की ती प्रत्येक वेळी तशीच्या तशी येते. दोन हातांना दोन क्रमांक द्या, चढत्या ‘गे’ला तिसरा. काम वाढतं, पण तेवढं करायलाच हवं.

आणि यंत्र इतकं मठ्ठ नाही. बंद हाय-हॅट वाजली की उघडीचा आवाज तुटतो, ही सोय त्यात असते. तीच जोडी ढोलकीच्या डाव्या पुडीला द्या : घुमणारा ‘गे’ ४६ वर, बंद ‘क’ ४२ वर. ‘क’ पडला की घुमारा थांबतो, खऱ्या पुडीवर थांबतो तसाच. मात्र तिथे चुकून उजव्या पुडीचा ‘ना’ ठेवलात, तर दर ‘ना’ला डाव्याचा गळा दाबला जाईल.

आता काळाचं बघा. बहुतेक ड्रम मशीन सोळा घरांची, १९८० च्या टीआर-८०८ पासूनची ही चाल. फाइलमध्ये एका ठोक्याचे ४८० भाग असतील, तर घर १२० भागांचं होतं. वादकाने हात २५ भाग मागे ठेवला, तर मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत ते होतात सुमारे २६ मिलिसेकंद. यंत्र ते ‘दुरुस्त’ करून घरात ओढतं. भजनी ठेक्याचा झोल नेमका त्या २६ मिलिसेकंदांत राहतो हो! ओढायचं बंद ठेवा, ते जमत नसेल तर निदान जोराचे आकडे तरी हाताने भरा. दादऱ्याला शेवटचं घर बारावं, रूपकाला चौदावं, हे तर साधं गणित आहे. तरी सहा मात्रा सोळांत ताणलेले दादरे मी ऐकतो.

भर्तृहरीने वाक्यपदीयात वाक्य अखंड मानलं आहे. वर्ण आणि पदं ही आपण समजुतीसाठी केलेली फोड. ठेक्यालाही मी हेच लावतो. ‘तिरकिट’ लिहायला चार अक्षरं, वादकाच्या हातात ती एकच हालचाल. मिडीला मात्र फक्त वर्ण कळतात, म्हणून वाक्य आधी आपल्याकडे असावं लागतं. ते नसलं की यंत्राचंच वाक्य आपण बोलू लागतो.

मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीआर-८०८ च्या तालावर दहा राग वाजवले. तिथे ताल डिस्कोचा आहे आणि तो डिस्को म्हणूनच वाजतो. तबल्याचं सोंग त्याने घेतलेलं नाही. मला ते काम आजच्या ‘ढोलकी पॅच’पेक्षा सच्चं वाटतं.

एक चिठ्ठी आली आहे : मग ऑक्टापॅड वाजवायचा नाही का? वाजवा हो, खुशाल वाजवा. १९८५ चा पहिला ऑक्टापॅड तर स्वतःचा आवाजच नसलेला, नुसते क्रमांक पाठवणारा होता. फक्त फाइल उघडण्याआधी गावातल्या ढोलकीवाल्याला बोलवा, ठेका तोंडाने म्हणायला सांगा, त्याचे बोल कागदावर उतरवा आणि मग क्रमांक वाटा. आणि त्या दिवसाची त्याची बिदागी द्या.